कान राहू देत, तोंड न्या

खारवण्याच्या खाडीत डॉल्फिन दाखवणारा माणूस म्हणून रूपेश कुबलचं नाव पार कोल्हापूरपर्यंत गेलं होतं, आणि त्याने स्वतः खाडीत आजवर एकही डॉल्फिन पाहिलेला नव्हता. ही गोष्ट त्याला ठाऊक होती, त्याच्या बायकोला ठाऊक होती आणि सगळ्या गावालाही ठाऊक होती. पण पर्यटकांसमोर कोणी तोंड उघडत नसे, कारण रूपेशच्या होडीतून उतरलेले पर्यटक जेवायला गावातच येत. बाहेर समुद्रात त्याला वर्षाकाठी पाच-सहा वेळा डॉल्फिन दिसायचे. समुद्रात यायला मात्र पर्यटक घाबरत, आणि फलकावर तर रूपेशने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं, 'खाडीतील डॉल्फिन. शंभर टक्के.' मग तो खाडीतच होडी गरगर फिरवायचा आणि एकदम हात करून ओरडायचा, "थंय बगा, थंय!" सगळे वळेपर्यंत पाण्यात जे काय असेल ते दिसायचं. कधी पाणकावळा, कधी नारळाचं सोडण, कधी कोणाची तरी चप्पल. "गेलो, खाली गेलो! तुमी जरा उशीर केलात." पावणे बिचारे स्वतःलाच दोष देत उतरायचे.

होडीचं कागदोपत्री नाव 'रवळनाथ प्रसाद' होतं, पण गाव तिला 'तोफ' म्हणत असे. २०४४ साल उजाडलं तरी तिच्यात रूपेशच्या वडिलांनी बसवलेलं डिझेलचं इंजिन होतं. असली इंजिनं बंद करायच्या तारखा सरकारने तीनदा दिल्या होत्या आणि तीनदा पुढे ढकलल्या होत्या. तोफ सुरू झाली की देवळातली कबुतरं उडत आणि लोक घड्याळं लावून घेत. समोरच्या चेतन मयेकरने सरकारी योजनेतून विजेची होडी घेतली, तेव्हा रूपेश धक्क्यावर उभा राहून पोट धरून हसला होता. "ही होडी आसा काय आजारी माणूस? चालता ता तरी कळता काय?" चेतनची होडी भरतीच्या तोंडावर उलटी वाहत जायची हे खरं होतं.

गणपती होऊन गेले आणि गावच्या शाळेत पाणकान आला.

पाणकान म्हणजे भोपळ्याएवढा पिवळा गोळा. तो खाडीच्या तळाशी दोराने बांधायचा, आणि त्याची वीज वर तरंगणाऱ्या सौरपट्ट्यावर तयार व्हायची. एका संशोधन संस्थेने किनाऱ्यावरच्या बऱ्याच शाळांना ही यंत्रं वाटली होती. खाड्या शेकडो आणि शास्त्रज्ञ मूठभर, तेव्हा पोरांना कामाला लावण्याखेरीज इलाजच नव्हता. शाळेत मुलं नऊ आणि बाई एक, मृणाल कुबल. ती मूळची कराडची, नशिबाने रूपेशची बायको. तिने पहिल्याच दिवशी मुलांना खाडीकाठी बसवून सगळं समजावलं.

खाडीचं पाणी गढूळ. हातभर खाली गेलं की उजेड संपतो. आवाज मात्र पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि लांबवर जातो. म्हणून डॉल्फिन डोळ्यांपेक्षा कानांच्या भरवशावर जगतो. टकटक असे बारीक आवाज सोडून त्यांचे पडसाद ऐकतो, आणि मासा कुठे, वाळू कुठे, ते त्यावरून ओळखतो. शिवाय तो शिट्ट्या घालतो. प्रत्येक पिल्लू लहानपणीच आपली अशी एक शिट्टी ठरवतं आणि तेच त्याचं नाव. आई आणि पिल्लू चुकले की शिट्ट्या घालत एकमेकांना शोधतात. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होतं, पण पाण्याखाली एवढा गलका असतो की त्यात एकेकाची शिट्टी निवडणार कशी? कोळंब्या चटचटतात, पंप घुमतात, होड्या धडधडतात. पाणकानाला तेच जमत होतं. तांदळातून खडे निवडावेत तसे तो आवाज निवडायचा आणि कोण बोलतंय ते सांगायचा.

फक्त त्याला गावातले आवाज आधी ओळखून द्यावे लागत. ते काम मुलांनी आठवड्यात उरकलं. ही देवळातली घंटा, हे कोळंबीच्या तळ्यांचे पंप, ही चेतनकाकाची होडी, हा धक्क्यावर बसणाऱ्या शशीआबांचा खोकला. तोफेचा आवाज द्यायला मुलांना धक्क्यावर जावंही लागलं नाही, तो वर्गातूनच देता आला. रूपेशच्या मुलीने, चौथीतल्या किमयाने, त्याला नुसतं 'रूपेश' असं नाव दिलं, कारण यंत्रासमोर 'बाबा' म्हणायचं तिला बरं वाटेना.

यंत्राला बोलता येत होतं. धक्क्यावर त्याची बोलणारी पेटी ठेवलेली होती, आणि मुलांनी ऐकावं म्हणून संस्थेने प्रत्येक पेटीत त्या त्या शाळेच्या बाईंचाच आवाज घातला होता. पहिल्या दिवशी ती पेटी मृणालच्या आवाजात "आवाजाचं कारण, रूपेश" असं म्हणाली, तेव्हा रूपेशने कपाळावर हात मारला. "घरात एक होती ती पुरी नाय होती काय?"

पण खरं सांगायचं तर या कामात सगळ्यात जास्त उत्साह रूपेशलाच होता. खाडीत डॉल्फिन आहेत असं यंत्राने एकदा सांगितलं की मग काय, फलकावर 'शास्त्रीय' हा शब्द रंगवायला त्याने जागाही सोडून ठेवली. यंत्राने ऐकलेलं एखाद्या मुलाने डोळ्यांनी पाहिलं, तरच ती नोंद धरायची असा संस्थेचा नियम होता. गावच्या काठावर खारफुटीची दाट तिवरं, तिथून पाणी दिसत नाही. म्हणून दर शनिवारी रूपेश नऊच्या नऊ मुलांना तोफेतून फुकट खाडीत नेई. मुलं दुर्बिणी लावून बसत आणि रूपेश त्यांना शेंगदाणे वाटत असे. तोफ बंद केली की पुन्हा सुरू व्हायला फार छळायची, म्हणून तो इंजिन चालूच ठेवायचा. मृणालने एकदा विचारलंही, "अहो, या आवाजाचं काही नाही ना?" त्यावर त्याने यंत्राचं माहितीपत्रकच दाखवलं. त्यात स्पष्ट छापलेलं होतं की होडीच्या आवाजाने पाणकानाला काहीही अडचण येत नाही. मग मृणाललाही ते पटलं. यंत्राला चालतं म्हणजे सगळ्यांना चालतं असं त्या शहाण्यांनी धरून टाकलं.

शनिवारमागून शनिवार गेले. दर वेळी पेटी मृणालच्या स्वच्छ आवाजात सांगायची, "डॉल्फिन, शून्य." मूल अज्ञान म्हणून प्रत्येक नोंदीवर पालकाने फोनवर अंगठा द्यायचा असे. मृणालला तो देता येत नव्हता, बाई आणि पालक एकच नको असा नियम होता. किमयाच्या सगळ्या शून्यांवर रूपेशने बिनबोभाट अंगठे दिले. नोव्हेंबर संपत आला तेव्हा संस्थेतून निरोप आला. वर्षअखेरपर्यंत डॉल्फिन सापडला नाही, तर यंत्र दुसऱ्या खाडीला देऊ. किमया त्या दिवशी जेवली नाही. पाणकान तिला घरच्या मांजरासारखा झाला होता, रोज शाळेत जाताना ती त्याला "येतंय हां" म्हणून जायची. रूपेशलाही घास गोड लागेना. फलकावर सोडलेली मोकळी जागा त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

आणि नेमका याच सुमाराला गावच्या रवळनाथाने गावपळणीचा कौल दिला.

गावपळण खारवण्यात चार वर्षांनी एकदा होते. देवाचा कौल झाला की तीन दिवस आणि तीन रात्री सबंध गाव वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, बोलणारं कोणी उरत नाही. त्या तीन दिवसांत गावात देव आणि त्याचे गण वावरतात असं जुनी माणसं म्हणतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन परतायचं. हा नियम मोडायची कोणाची छाती नाही, आणि मोडावा असं कोणाला वाटतही नाही, कारण खाडीपलीकडच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, झावळ्यांच्या राहुट्या घालून सगळ्या गावाने एकत्र जेवण्यात जी मजा आहे ती दिवाळीतही नाही.

यंदा मात्र देवळात बैठक बसली ती पाणकानावर. शशीआबा गावकर हे गावचे मुख्य मानकरी. ऐंशीच्या पुढचे, कानाने अधू, पण बुद्धीने तल्लख.

"ता यंत्र ऐकता?" त्यांनी विचारलं.

"ऐकता, आबानू," रूपेश म्हणाला.

"बोलता?"

"बोलता."

"माणसाक नावान वळाखता?"

"वळाखता."

"मगे ता गावात ऱ्हवाचा कसा? तेका पण भायर काढूक व्हया."

देवळात कुजबुज सुरू झाली. मृणाल उठली. "आबा, ते उन्हावर चालणारं यंत्र आहे. जिवंत नाही."

"झाडा पण उन्हार जगतत," मागून चेतन म्हणाला. "झाडांका आपण खंय न्हेतो?"

"झाड बोलना नाय," आबा म्हणाले. "आणि ह्या यंत्र बाईंच्या आवाजात बोलता. उद्या रिकाम्या गावात बाईंचो आवाज इलो, तर बाई गावात ऱ्हवली असा होता की नाय? देव माका इचारतलो, शशी, ही कोण रे बोलता?"

मृणालने आयुष्यात बऱ्याच शंका ऐकल्या होत्या, पण ही नव्हती. यंत्र काढून ठेवावं तर तीन दिवस फुकट जाणार, आणि हातात महिनाच उरलेला. किमया खांबाला धरून उभी होती, तिचे डोळे भरून आले होते. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला.

"कान ऱ्हवांदेत," ते शेवटी म्हणाले. "ऐकणाऱ्याचो देवाक तरास नाय. तोंड तेवडा घेवन चला."

असा निवाडा झाला. पाणकान खाडीच्या तळाशी राहिला आणि बोलणारी पेटी किमयाने गळ्यात अडकवून वेशीबाहेर नेली. गावाने पंप बंद केले, चुली विझवल्या, होड्या पैलतीराला आणून बांधल्या, आणि ढोल वाजवत सगळी मंडळी सड्यावर चढली. इतक्या वर्षांच्या गावपळणीत खाडी किती शांत होते हे कोणी कधी ऐकलं नव्हतं, कारण ऐकायला कोणी जागेवर असायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंगत बसली होती. पेटी काजूच्या फांदीला टांगलेली होती. मृणालच्या तोंडात घावण्याचा घास होता, आणि तेवढ्यात तिचाच आवाज सगळ्या सड्यावर घुमला, "डॉल्फिन, एक."

सगळी पंगत मृणालकडे बघायला लागली. तिने भरल्या तोंडाने मान हलवून मी नाही, मी नाही असं सांगितलं.

"डॉल्फिन, तीन," ती फांदीवरून म्हणाली. "डॉल्फिन, सात."

मग जे काय झालं त्याला पळापळच म्हणायला हवं. मुलं सड्याच्या कडेला धावली, त्यांच्यामागून अर्धवट जेवलेलं गाव धावलं. सड्यावरून सबंध खाडी दिसायची, तोंडाजवळच्या वाळूपट्टीपासून वरच्या पुलापर्यंत. पण दर पळणीला जेवणाच्या गडबडीत तिकडे कोणी निरखून पाहिलं नव्हतं. हिरव्या पाण्यात राखाडी पाठी वर येत होत्या आणि खाली जात होत्या. पाठीवर या जातीच्या डॉल्फिनला असतो तो उंचवटा. एक लहानगं पिल्लू आईच्या अंगाला चिकटून पोहत होतं. पेटीने अकरा म्हटलं आणि मुलांनीही मोजून अकराच सांगितले.

पंधरा वर्षं रूपेश रोज ज्या पाण्याकडे बोट दाखवत आला होता, त्या पाण्यात आज खरंच ते होते. पाचेक मिनिटं तो अगदी शुद्ध मनाने उभा होता, आणि मग त्याला सड्याखालच्या काठावरच्या रिसॉर्टमधल्या पर्यटकांची आठवण झाली.

मृणाल काही बोलायच्या आत तो उतारावरून धावत सुटला. गावचा काठ सोडला तर खाडी काय गावाच्या वेशीत येत नाही, तोफ या काठालाच बांधलेली, म्हणजे नियम कुठला मोडत नव्हता. अर्ध्या तासात त्याने सहा पर्यटक गोळा केले. आज शंभर टक्के म्हणजे खरोखरच शंभर टक्के, असं त्याने शपथेवर सांगितलं. तोफ धडाडली. सड्यावरची सगळी गुरं एकदम उभी राहिली.

खाडीच्या मधोमध जाऊन त्याने चार फेऱ्या मारल्या. पाणी रिकामं होतं. वाळूपट्टीपर्यंत गेला, पुलापर्यंत गेला, पाणकावळासुद्धा दिसेना. "आताच होते, देवाशप्पत अकरा होते," तो ओरडून सांगत होता, पण इंजिनापुढे पर्यटकांना त्याचं एक अक्षर कळत नव्हतं. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवून असू दे असं खुणेने सांगितलं. खोटं बोलत असताना त्याला कधी इतकी लाज वाटली नव्हती.

सड्यावर परत आला तर कोणी त्याच्याशी बोलेना. त्याला वाटलं, जळतायत मेले. मग चेतन पुढे आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की रूपेशला तिथेच कळलं, काहीतरी वाईट झालंय.

"ऐक तुज्या बायलेन काय सांगल्यान ता," असं म्हणून चेतनने पेटीचं बटण दाबलं. तासाभरापूर्वीचं सगळं पेटी पुन्हा बोलली.

"नवीन आवाज. आवाजाचं कारण, रूपेश. डॉल्फिन, सात. डॉल्फिन, तीन. पिल्लाची शिट्टी, चालू. आईचं उत्तर, नाही. पिल्लाची शिट्टी, चालू. आईचं उत्तर, नाही." मृणालचा तो शांत आवाज, पाढे म्हणावेत तसा. "डॉल्फिन, शून्य."

"पिल्लाचा काय झाला?" रूपेशने विचारलं.

"तुम्ही इंजिन बंद केल्यावर वीस मिनिटांनी आईने उत्तर दिलं," खरी मृणाल म्हणाली. "भेटली दोघं. पाणकानाला तुमचा आवाज बाजूला काढता येतो. तिला नाही येत."

"एकदा झाला म्हणान काय ठरता? योगायोग आसतलो!"

असं म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी रिकामी तोफ पुन्हा काढली. सकाळी एकदा, दुपारी एकदा. दर वेळी किमया कडेला दुर्बीण लावून उभी, दर वेळी तेच. त्याने चेतनलाही ओढून आणलं आणि त्याची विजेची होडी फिरवायला लावली. डॉल्फिन थोडे दूर सरकले, चार जण उठून गेले, बाकीचे तिथेच राहिले. चेतनची छाती फुगली ती फुगलीच. रूपेश आबांजवळ जाऊन बसला. आबा म्हणाले, "माका तुजी तोफ चांगली ऐकाक येता. तेवडाच एक माका ऐकाक येता." ते सांत्वन होतं की काय, कळायला मार्ग नव्हता.

त्या सगळ्या नोंदी किमयाच्या नावावर होत्या, कारण कडेवरून पाहायची पाळी तिची होती. संस्थेतून लगेच उत्तर आलं. गाव रिकामं असताना डॉल्फिन आले, एवढ्याच नोंदी असतील तर तो अपवाद धरावा लागेल. पण होडीच्या आवाजाने ते जातात आणि थांबल्यावर येतात, ही किमयाची नोंद पक्की झाली तर ते संशोधन आहे. मग यंत्र खारवण्यातच राहील, आणि वाळूपट्टीपासून पुलापर्यंत डिझेल इंजिन बंद करण्याची शिफारस होईल. नोंद पक्की व्हायला फक्त पालकाचा अंगठा बाकी होता.

मुलांनी राहुटीत आपली स्वतंत्र बैठक घेतली. रूपेश झावळ्यांच्या आडून ऐकत होता. एक जण म्हणाला, आपण 'रूपेश' काढून 'अनोळखी होडी' लिहूया. दुसरी म्हणाली, शेंगदाणे कोण देतलो मगे? किमया सगळ्यांत शेवटी म्हणाली, "मिया बगलंय ता बगलंय. खोटा लिवचंय नाय. पण बाबांचा अंगठो मागूचंय नाय."

रूपेशला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला, दोन्ही एकाच जागी. तो मृणालकडे गेला.

"तू सांग, काय करू?"

"मी नाही सांगणार."

"बाई म्हणान सांगू नको. बायल म्हणान सांग."

"बायको म्हणून सांगितलं तर तुम्हाला वाटेल बाई बोलतेय. तुम्हीच ठरवा." ती भाकऱ्या थापत राहिली.

"पोटार पाय येता गो माज्या," तो म्हणाला. "वल्ही मारत समुद्रात न्हेवचे काय पावणे? आणि इंजिन बापाशीचा आसा."

"माहीत आहे," मृणाल म्हणाली, आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे आलं असं दोघांनी धरलं. तो उठताना म्हणाला, अंगठा देणार नाही.

चौथ्या दिवशी सकाळी देवाने परतायचा कौल दिला. सड्यावरून संसार खाली आला. गाड्यांनी जायचे ते पुलावरून गेले, बाकी होड्यांत चढले. तोफेत शशीआबा, त्यांच्या सुनेच्या कोंबड्या, पातेली, राहुट्यांच्या चटया आणि दोन बकऱ्या अशी भरती झाली. मृणाल आणि किमया नंतरच्या फेरीला यायच्या होत्या. सगळं गाव काठावर जमलेलं. रूपेशला कालपासून वाटत होतं की सगळे आपल्याकडेच बघतायत. मग बघाच, असं मनात म्हणून त्याने इंजिन सुरू केलं आणि पुऱ्या वेगात सोडलं.

तोफ अशी गरजली की कोंबड्या एकमेकींच्या अंगावर चढल्या. पाणी मागे उसळलं, काळा धूर निघाला. होडी थरथरली, पण पुढे सरकेना. रूपेशने आणखी जोर दिला. काठावरच्या लोकांची तोंडं उघडी होती, हात हलत होते. त्याला वाटलं, निरोप देतायत, नाहीतर माझी तोफ शेवटची बघून घेतायत. त्यानेही ऐटीत हात केला. आबांनी त्याच्या दंडाला चिमटा काढला. त्याने झटकला.

मग त्याला किमया दिसली. ती गुडघाभर पाण्यात उतरली होती. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होती, मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड लालबुंद. इतक्या जवळ होती की तिच्या दातांतली फट दिसत होती. आणि तिचा आवाज त्याच्यापर्यंत येत नव्हता. एक अक्षरही नाही. ती पुन्हा पुन्हा तेच ओरडत होती, आणि तो बाप असून समोर उभा राहून नुसता बघत होता.

त्याने इंजिन बंद केलं.

"...बा! दोऽर! बाबा, दोर सोडूक नाय!"

तोफ मागच्या खांबाला बांधलेलीच होती. खांब अर्धा उपटून तिरका झाला होता. काठावर हशा पिकला, आबा खोकल्यासारखे हसले, चेतन तर खालीच बसला. रूपेशला त्यातलं काही जाणवलं नाही. तो होडीच्या कडेला वाकला होता.

"किती वेळ हाक मारतंस गो?"

"खूप," किमया म्हणाली. तिचा घसा बसला होता.

"माका ऐकाकच येय नाय."

"माहीत आसा."

त्याने तिला उचलून होडीत घेतलं. तिचा परकर चिंब भिजला होता. "फोन दी हंय," तो म्हणाला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने फोन पुढे केला. त्याचा अंगठा डिझेलने माखलेला, फोन काही केल्या तो ओळखेना. त्याने तो आधी लुंगीला पुसला, मग चटईला, तरी जमेना. शेवटी मृणाल पाण्यात उतरून आली, तिने पदराने त्याचा अंगठा नीट पुसला आणि बाजूला झाली. या वेळी तो उमटला. "नोंद पक्की," पेटी मृणालच्या आवाजात म्हणाली, आणि मृणालने मान वळवून डोळे पुसले.

"रे, आता ही चालू कदी होतली?" आबांनी विचारलं. "थंय देव वाट बगता."

"बगांदे, आबानू. बकऱ्यांका आवरा आणि ती काठी माका द्या."

रूपेशने दोर सोडला आणि काठी रोवून होडी लोटली. बापाच्या काळानंतर त्याने कधी अशी होडी ढकलली नव्हती, चार हातांवरच त्याला दम लागला. पलीकडे पोचायला उन्हं चढली. किमया पुढच्या टोकाला बसून बसलेल्या घशाने सबंध वाटभर बडबडत होती, शाळेचं, डॉल्फिनच्या पिल्लाचं, कोंबड्यांचं. रूपेशला त्यातला एकूणएक शब्द ऐकू आला.